यंत्र श्वास देते तेव्हा श्वासपटल सुकते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हेंटिलेटरबद्दल वर्तमानपत्रांत छापून येते ते बहुतेक यंत्रांच्या संख्येबद्दल. किती आहेत, किती बंद पडून आहेत, आणखी किती लागतील. ते छापायलाच हवे. पण यंत्र मिळाले, रुग्णाला लावले, त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत त्याच्या शरीरात काय घडते हे वाचकांपर्यंत फारसे पोहोचत नाही. म्हणून अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना एक प्रश्न हमखास पडतो. न्यूमोनिया आटोक्यात आला म्हणता, ताप उतरला, एक्स-रे सुधारला, मग श्वासाची नळी का निघत नाही? पुष्कळदा याचे उत्तर फुप्फुसांत नसते. ते फुप्फुसांच्या खाली, श्वासपटलात असते.

श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू. शांतपणे श्वास घेताना बहुतेक काम तो एकटा करतो. जाडी जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि जन्मल्यापासून त्याला सुटी ठाऊक नाही. प्लास्टरमध्ये ठेवलेला पाय बारीक होतो हे आपण पाहिलेले असते. यंत्राने सगळा श्वास आपल्याकडे घेतला की श्वासपटलाचेही तेच होते, आणि फार लवकर होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले गेले. दाते १४, आणि त्यांचे श्वासपटल १८ ते ६९ तास पूर्ण निष्क्रिय होते. दोन-तीन तासांच्या शस्त्रक्रियेपुरते यंत्रावर असलेल्या रुग्णांशी तुलना केली तेव्हा त्यांच्या मंद आकुंचन पावणाऱ्या तंतूंचा आडवा छेद ५७ टक्क्यांनी आणि जलद तंतूंचा ५३ टक्क्यांनी लहान झालेला दिसला. म्हणजे तीन दिवसही पुरे व्हायच्या आत. त्याच दात्यांच्या छातीवरच्या स्नायूत अशी झीज नव्हती. तेव्हा ही झीज केवळ आजारपणाची किंवा उपासमारीची म्हणता येत नाही. काम थांबले की स्नायूच्या पेशींत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, प्रथिने तोडणारी यंत्रणा जोर धरते आणि नवी प्रथिने बनणे मंदावते.

जिवंत रुग्णांत सोनोग्राफीने काय दिसते? २०१५ च्या एका अभ्यासात १०७ रुग्णांच्या श्वासपटलाची जाडी रोज मोजली गेली. पहिल्याच आठवड्यात ४४ टक्के रुग्णांत ती दहा टक्क्यांहून जास्त घटली. पण १२ टक्के रुग्णांत ती वाढली, आणि ही वाढ व्यायामशाळेतल्या दंडासारखी हितकारक नव्हती. अति ओढाताणीने स्नायूला इजा होते, सूज येते, आणि असे रुग्णही यंत्रावर जास्त दिवस राहतात. आमचे म्हणणे यातूनच निघते. श्वासपटलाला पूर्ण विश्रांती देणे चूक आहे आणि त्याला एकट्याने झुंजू देणेही चूक आहे. त्याला रोज मोजून काम द्यावे लागते, आणि ते मोजण्याची साधने बहुतेक अतिदक्षता विभागांत आज आहेत.

सुरुवात गुंगीच्या औषधांपासून करावी, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. ‘रुग्ण शांत झोपला आहे’ हे वाक्य नातेवाइकांना दिलासा देते, रात्रपाळीच्या सिस्टरलाही देते. पण गाढ गुंगीतला रुग्ण श्वासाची उचल स्वतः करत नाही आणि श्वासपटल रिकामे बसते. गुंगी मोजायला रिचमंड नावाची मोजपट्टी आहे, उणे पाच ते अधिक चार. बहुतेक रुग्ण शून्य ते उणे दोनच्या दरम्यान हवेत, म्हणजे हाक मारल्यावर डोळे उघडून नजर देणारे. आधी वेदना पाहावी, वेदनाशामक द्यावे, मग उरलेल्या अस्वस्थतेपुरते गुंगीचे औषध. रोज सकाळी ते थांबवून पाहावे. २००० सालच्या एका संशोधन-चाचणीत रोज गुंगी थांबवलेल्या रुग्णांचा यंत्रावरचा मध्यक काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला होता.

थांबवण्यापूर्वी तपासणी हवीच. झटके येत असतील, दारू सुटल्याची लक्षणे असतील, डोक्यातला दाब वाढलेला असेल, हृदयाला नुकताच रक्तपुरवठा कमी पडला असेल किंवा स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल, तर त्या दिवशी थांबवू नये. बाकीच्यांत गुंगीच्या औषधाचा पंप बंद करावा. हाकेला डोळे उघडले किंवा चार तास त्रास न होता गेले तर रुग्ण उत्तीर्ण, आणि मग लगेच स्वतः श्वास घेण्याची चाचणी. श्वासगती पाच मिनिटे ३५ च्या वर राहिली, रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला, हृदयाची लय बिघडली किंवा रुग्ण आवरेनासा झाला, तर औषध पुन्हा सुरू करावे, पण आधीच्या निम्म्या मात्रेने. हे ‘निम्म्या’ नेमके विसरले जाते. रात्री वाढवलेला डोस सकाळी तसाच चालू राहतो आणि दोन-तीन दिवसांत तीच त्याची नेहमीची मात्रा होऊन बसते. मिडाझोलॅम या गुंगीच्या औषधाबाबत आणखी एक खबरदारी: मूत्रपिंडे काम करत नसतील तर त्याचा अंश साठतो आणि पंप बंद केल्यावरही रुग्ण लवकर जागा होत नाही. मेंदूला इजा झाली असे ठरवण्यापूर्वी हे आठवावे.

गुंगी कमी केली म्हणजे काम झाले असेही नाही. यंत्रच जास्त मदत करत असेल तर जागा रुग्णही स्नायू वापरत नाही. श्वासगती २४ वर लावून ठेवली, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरला, तर मेंदूला श्वासाची हाक देण्याचे कारणच उरत नाही. प्रेशर सपोर्ट, म्हणजे प्रत्येक श्वासाला यंत्राने दिलेला दाबाचा आधार, १८-२० वर असेल तर रुग्ण श्वासाची फक्त कळ दाबतो आणि उरलेला श्वास यंत्र ओतते. पडद्यावर प्रत्येक श्वासापुढे रुग्णाची खूण दिसते, सगळ्यांना वाटते तो छान श्वास घेतोय. श्वासगती १०-१२ आणि आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोमागे आठ-दहा मिलिलिटरहून मोठा श्वास, अशी जोडी दिसली की मदत जास्त आहे असे समजावे आणि दर वेळी दोनने कमी करत जावे. कधी ती खूणही खोटी असते. नळीत साठलेले पाणी हलते, कुठे गळती असते, हृदयाच्या ठोक्याने प्रवाह थरथरतो, आणि यंत्र त्यालाच रुग्णाचा प्रयत्न समजते. नळीतले पाणी काढा, नळीभोवतीचा फुगा (कफ) तपासा, ट्रिगर, म्हणजे रुग्णाचा प्रयत्न ओळखून श्वास सुरू करण्याची यंत्राची पातळी, किंचित कमी संवेदनशील करा. मग श्वास नाहीसे झाले तर ते रुग्णाचे नव्हतेच.

प्रयत्न मोजायचा कसा? बऱ्याच यंत्रांवर पी ०.१ हा आकडा मिळतो. श्वासाच्या पहिल्या दशांश सेकंदात रुग्ण किती ओढतो ते त्यातून कळते. साधारण १.५ ते ३.५ सेंटिमीटर पाणी (हे दाबाचे माप) इतका असावा. एकच्या खाली सतत राहिला तर श्वासपटल रिकामे आहे, चारच्या वर राहिला तर मेंदू ओढाताण करवतो आहे. दुसरी पद्धत तितकीच सोपी. उच्छ्वासाच्या शेवटी होल्डचे बटण दाबायचे, एका श्वासापुरता मार्ग बंद करायचा आणि दाब किती खाली गेला ते वाचायचे. त्याचे पाऊणपट म्हणजे साध्या श्वासात स्नायू लावत असलेला जोर, अंदाजे. तो ५ ते १० सेंटिमीटर पाण्यादरम्यान असावा. दाब १२ ने उतरला तर जोर ९, ठीक आहे. दोनने उतरला तर मदत कमी करा. २५ ने उतरला तर आधी कारण शोधा, कारण ताप, वेदना, रक्तातले वाढलेले आम्ल, तुंबलेली नळी यातले काहीही असू शकते. ते सोडून थेट गुंगी वाढवणे ही नेहमीची पळवाट आहे.

सोनोग्राफीची सोय असेल तर उजव्या बाजूला, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेदरम्यान, आठव्या ते दहाव्या बरगडीच्या फटीत १० मेगाहर्ट्झच्या वरचा सरळ प्रोब ठेवावा. दोन पांढऱ्या रेघांमधला काळसर पट्टा म्हणजे श्वासपटल. श्वास सोडल्यावर २.० मिलिमीटर आणि घेतल्यावर २.५ भरले तर जाडी २५ टक्के वाढली. २०१८ च्या अभ्यासात पहिल्या तीन दिवसांत ही वाढ १५ ते ३० टक्क्यांत राहिलेले रुग्ण यंत्रावर सर्वांत कमी दिवस होते. मोजणी दोन दशांश मिलिमीटरच्या फरकावर चालते, त्यामुळे प्रोब ठेवलेल्या जागी त्वचेवर पेनने खूण करावी आणि पुढच्या वेळी त्याच खुणेवर ठेवावा. जागा बोटभर सरकली तरी आकडा बदलतो आणि नसलेली झीज दिसू लागते.

रुग्ण आणि यंत्र यांची चुकामूक हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो. दमा किंवा जुनाट श्वसनविकाराच्या रुग्णात मागचा श्वास पुरता बाहेर पडत नाही, छातीत दाब अडकून राहतो. तो दाब तोडल्याशिवाय ट्रिगर लागत नाही, म्हणून रुग्णाचे काही प्रयत्न वाया जातात. पोटावर हात ठेवून मिनिटभर प्रयत्न मोजा आणि यंत्रावरची श्वासगती पाहा. हाताला २८ आणि यंत्रावर २० असेल तर आठ प्रयत्न फुकट गेले. इथे मदत वाढवली की श्वास आणखी मोठा होतो, आणखी हवा अडकते, चुकामूक वाढते. मदत कमी करावी, श्वासनलिका सैल करणारे औषध द्यावे, पीप (श्वास सोडल्यावरही यंत्राने राखलेला दाब) अडकलेल्या दाबाच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत न्यावा, आणि यंत्राने श्वास देणे थांबवण्याची मर्यादा (हवेचा प्रवाह कमालीच्या किती टक्क्यांवर उतरला की थांबायचे) २५ टक्क्यांवरून ४०-५० वर आणावी. उलट प्रकारात यंत्र श्वास लवकर तोडते. रुग्णाचा स्नायू अजून आकुंचन पावत असतो आणि फुप्फुस रिकामे होत असते, त्यामुळे स्नायू ताणला जात असताना जोर लावतो. गड उतरताना मांड्या भरून येतात त्या याच जातीच्या आकुंचनाने, आणि स्नायूला इजा करायला ते सर्वांत वाईट. तिथे मर्यादा कमी करून श्वासाचा वेळ वाढवायचा.

स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांना जागा आहे, पण ती अतिगंभीर फुप्फुसविकाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि तीही निवडक रुग्णांत. सरसकट ४८ तास ती दिल्याने मृत्यू कमी होत नाहीत, हे २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसले. रोज ‘आज याची गरज आहे का’ असे विचारून लिहावे. सोबत स्टेरॉइड मोठ्या मात्रेत चालू असेल तर अधिकच जपावे.

स्नायूचे इंधन रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसते. सोडियम-पोटॅशियम सगळे पाहतात, फॉस्फेट मात्र मागवलेच जात नाही. ते कमी असले की श्वासपटलाचा जोर उतरतो आणि भरून काढले की सुधारतो. काही दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला नळीतून अन्न सुरू केले की पहिल्या दोन-चार दिवसांत फॉस्फेट झपाट्याने खाली येते, कारण पेशी ते ओढून घेतात. तेव्हा अन्न हळूहळू वाढवावे, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आधी द्यावे, आणि फॉस्फेट, मॅग्नेशियम व पोटॅशियम त्या दिवसांत रोज तपासावे. प्रथिने हळूहळू वाढवत किलोमागे रोज १.२ ते १.३ ग्रॅमपर्यंत न्यावीत, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला सुमारे ७५ ग्रॅम. जास्त दिली तर जास्त फायदा असे नाही. २०२३ च्या चाचणीत २.२ ग्रॅमपासून पुढे दिलेल्या गटाला लाभ झाला नाही आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांचे नुकसान झाल्याची चिन्हे दिसली. कॅलरी अति झाल्या तर कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो बाहेर टाकण्याचा भार याच थकलेल्या स्नायूवर पडतो.

श्वास घेण्याचा कमाल जोर मोजणे अवघड नाही. एकेरी झडप लावून २०-२५ सेकंद मार्ग अडवला की रुग्ण सर्वांत जोराने ओढतो, तो आकडा टिपायचा. ३० सेंटिमीटर पाण्याच्या खाली असेल तर स्नायू अशक्त आहे. अशा जाग्या, सांगितलेले ऐकणाऱ्या रुग्णाला श्वासाचा व्यायाम देता येतो. स्प्रिंगची झडप असलेले थ्रेशोल्ड उपकरण नळीला जोडायचे, कमाल जोराच्या ३० ते ५० टक्क्यांवर लावायचे, सहा श्वास घ्यायला लावून पुन्हा यंत्रावर विश्रांती, अशा पाच फेऱ्या, दिवसातून एकदा. सहावा श्वास कष्टाने पण पुरा यावा. सहज आला तर दुसऱ्या दिवशी एक-दोन सेंटिमीटर वाढवायचे. पीप १० च्या वर, द्यावा लागणारा ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या वर किंवा रक्तदाब अस्थिर असेल तर थांबायचे. यंत्रावरून सुटत नसलेल्या रुग्णांवरच्या २०११ च्या चाचणीत हा व्यायाम केलेल्यांपैकी ७१ टक्के सुटले, न केलेल्यांपैकी ४७ टक्के.

दोन गैरसमज इथे दूर करायला हवेत. ट्रिगर जड करून ठेवणे हा व्यायाम नव्हे, कारण झडप उघडली की यंत्र हवा ओतते आणि भार संपतो. आणि तीन चेंडूंचे खेळणे, जे बाहेर आल्यावर हातात दिले जाते, ते खोल श्वासाची आठवण करून देते, स्नायूची ताकद वाढवत नाही. हळू ओढले की त्याचा प्रतिकारच नाहीसा होतो.

अंथरुणावर बसवणे, कडेला पाय सोडून बसवणे, खुर्चीत हलवणे हे सगळे नळी असतानाच सुरू करता येते. २००९ च्या चाचणीत गुंगी थांबवून लवकर हालचाल सुरू केलेल्या रुग्णांपैकी ५९ टक्के घरी जाताना स्वतःची कामे स्वतः करत होते, एरवी ३५ टक्के. मात्र २०२२ च्या चाचणीत नेहमीपेक्षा लवकर आणि खूप जास्त हालचाल करून वेगळा फायदा मिळाला नाही, अपाय मात्र वाढले. तेव्हा इथेही मोजूनच. आणि बसवताना एक माणूस फक्त नळी धरायला हवा, दुसरे कोणतेही काम त्याला देऊ नये.

यंत्रावरून सोडवण्याची चाचणी रोज व्हावी. प्रेशर सपोर्ट ८, पीप शून्य, तीस मिनिटे. २०१९ मध्ये ही पद्धत दोन तासांच्या टी-पीसशी (यंत्राच्या मदतीविना, नळीला नुसता ऑक्सिजन जोडून घेतलेल्या चाचणीशी) पडताळली गेली, तेव्हा यशस्वीपणे नळी निघाल्याचे प्रमाण ८२.३ विरुद्ध ७४.० टक्के आले. श्वासगती ३५ च्या वर, ऑक्सिजन ९० च्या खाली, नाडी १४० च्या वर, घाम, मानेच्या स्नायूंची ओढ दिसली की चाचणी तिथेच थांबवावी. ‘अजून थोडे काढू दे’ म्हणून ताणू नये. थकलेल्या श्वासपटलाला सावरायला जवळपास एक दिवस लागतो, म्हणून त्याच दिवशी पुन्हा चाचणी न घेता आरामदायक मदतीवर ठेवून कारण शोधावे: अंगात साठलेले पाणी, हृदय, स्राव, फॉस्फेट, पोटाचा फुगारा. यंत्राचे श्वास रोज दोन-दोनने कमी करत नेण्याची जुनी पद्धत १९९५ सालीच मागे पडली. दिवसातून एक चाचणी तिच्यापेक्षा लवकर सोडवते, हे तेव्हाच्या अभ्यासात दिसले. तरी ती सवयीने चालू आहे, याचे वाईट वाटते.

नातेवाइकांना इतकेच सांगतो की ‘त्यांना झोपवूनच ठेवा’ असा आग्रह धरू नका. भेटीत विचारा: आज गुंगी थांबवली होती का? श्वास ते स्वतः सुरू करतात की यंत्र? चाचणी झाली का, कशामुळे थांबली? फॉस्फेट किती आहे? चष्मा आणि श्रवणयंत्र आणून द्या, नावाने हाक मारा, दिवस आणि वार सांगा. माणूस शुद्धीवर आणि शांत राहिला की गुंगी कमी लागते. व्यवस्थापनांना विनंती आहे की फिजिओथेरपिस्ट रविवारीही असावा. शनिवारी दुपारपासून सोमवार सकाळपर्यंतचे चाळीसेक तास हा स्नायू मोजतो, आणि त्यात किती झीज होऊ शकते ते वर आलेच आहे.

नळी निघाल्यावर पहिले ४८ तास धोक्याचे. खोकला अशक्त असेल तर स्राव अडकतो, म्हणून नळी काढण्यापूर्वीच खोकल्याचा जोर पाहावा. मिनिटाला ६० लिटरच्या खाली असेल तर नळी पुन्हा घालावी लागण्याचा धोका वाढतो. अशांना नळी निघताच मास्कची किंवा उच्चप्रवाह ऑक्सिजनची मदत द्यावी, श्वास लागेपर्यंत वाट पाहू नये. आणि वॉर्डात पाठवताना कागदावर शेवटचा कमाल जोर, उपकरण किती सेंटिमीटरवर होते आणि व्यायामाचे किती दिवस झाले हे लिहावे, म्हणजे वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्टला दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येईल.

आपले,
अतिदक्षता विभागात काम करणारे डॉक्टर आणि श्वसन-फिजिओथेरपिस्ट